वेष्टनाची हमी कुठवर?

आर्च लिनक्सच्या पॅकेज मॅनेजरचे, म्हणजे सॉफ्टवेअरची पॅकेजे उतरवून घेणाऱ्या, ती यंत्रावर बसवणाऱ्या आणि नको तेव्हा काढून टाकणाऱ्या प्रोग्रामचे, नाव पॅकमॅन असे असून तो सी भाषेत लिहिलेला आहे. 2007 मध्ये आलेल्या त्याच्या 3.0 या आवृत्तीत दोन भाग वेगळे झाले: आज्ञा वाचून पडद्यावर मजकूर दाखवणारा वरचा पातळ भाग आणि खरे काम करणारी लिबअल्पम ही लायब्ररी. या विभागणीमुळे पॅकमॅनखेरीज इतर प्रोग्रामांनाही पॅकेजांच्या नोंदी थेट वाचता येऊ लागल्या, आणि पायथन, गो व रस्ट या भाषांतून लिबअल्पमला हाक मारण्याची सोय करणारी बाइंडिंगे तयार झाली. गो भाषेतले येय आणि रस्ट भाषेतले पारू ही आर्चच्या वापरकर्त्यांनी पुरवलेल्या कृतींवरून पॅकेजे बांधणारी साधने अशाच बाइंडिंगांवर उभी आहेत. नुसत्या बाइंडिंगवर वरच्या भाषेच्या नियमांत बसणारे जे आवरण चढवले जाते त्याला येथे वेष्टन म्हटले आहे. ते रस्टच्या अर्थाने सुरक्षित ठरण्यासाठी, वापरणाऱ्याने ‘अनसेफ’ हा शब्द न लिहिता काहीही केले तरी मोकळ्या झालेल्या मेमरीला हात लागणार नाही आणि एका प्रकारची वस्तू दुसऱ्या प्रकारची म्हणून वाचली जाणार नाही, अशी हमी त्या वेष्टनाने द्यावी लागते.

ही हमी किती मोलाची, याविषयी दोन भूमिका आढळतात. लायब्ररी सांभाळणाऱ्याची भूमिका येथे मूळपक्ष म्हणून आणि तिच्यावर रस्टचे आवरण चढवणाऱ्याची भूमिका वेष्टनपक्ष म्हणून मांडली आहे. संवाद कल्पित आहे. त्यातील तांत्रिक तपशील लिबअल्पमचे आहेत.

मूळपक्ष: लायब्ररीत कोणती फंक्शने आहेत, ती काय घेतात आणि काय परत देतात, हे हेडर फायलीत जाहीर केलेले आहे. त्या फायलीतील टिपणांप्रमाणे वागणाऱ्याला अडचण येत नाही. आपले वेष्टन हा त्याच मजकुराचा दुसऱ्या भाषेतला पाठ आहे. त्यातून नवीन काय हाती लागते?

वेष्टनपक्ष: हेडरमध्ये प्रकार आहेत, मालकी नाही, आणि सगळा घोटाळा मालकीचा आहे. एखाद्या पॅकेजला त्याच्या डिपेन्डन्सी विचारल्या, म्हणजे ज्या पॅकेजांवाचून त्याचे चालत नाही ती विचारली, तर लिबअल्पम एक यादी देते. उलट दिशेने, या पॅकेजवर कोण अवलंबून आहे असे विचारले, तरीही यादीच मिळते. सी कंपायलरच्या लेखी दोन्ही याद्या एकाच प्रकारच्या आहेत. प्रत्यक्षात पहिली यादी पॅकेजच्या मालकीची आहे आणि ती मोकळी करणाऱ्याने पॅकेजच्या पोटातला भागच उपटला असे होते. दुसरी यादी विचारल्यानंतर नव्याने बांधलेली असते आणि ती, तिच्यातील प्रत्येक नावासह, मोकळी केली नाही तर मेमरी गळत राहते. शिवाय पहिलीत डिपेन्डन्सीच्या रचना आहेत आणि दुसरीत साधी अक्षरमाला आहे, पण यादीचा प्रत्येक दुवा ‘व्हॉइड पॉइंटर’, म्हणजे कशाचा आहे हे न सांगणारा पत्ता, धरून असल्यामुळे तो फरकही कंपायलरला कळत नाही.

मूळपक्ष: टिपणात तो लिहिलेला आहे.

वेष्टनपक्ष: लिहिलेला आहे, पण तपासला जात नाही. ट्रान्झॅक्शनची, म्हणजे एकत्र पार पाडायच्या बदलांच्या गटाची, पूर्वतयारी करणाऱ्या फंक्शनकडे पाहावे. ते अयशस्वी झाले तर कारणांची यादी देते. एरर कोड ‘डिपेन्डन्सी पुऱ्या होत नाहीत’ असा असेल तर यादीत उणिवांच्या नोंदी असतात, ‘पॅकेजांत संघर्ष आहे’ असा असेल तर संघर्षांच्या नोंदी असतात, आणि पॅकेज भलत्याच प्रोसेसरसाठी बांधलेले असेल तर नुसती नावे असतात. यादीचा अर्थ यादीबाहेरच्या एका आकड्यावर ठरतो. रस्टमध्ये कोड आणि यादी एकाच एनममध्ये, म्हणजे ठरलेल्या पर्यायांपैकी एकच पर्याय त्याच्या माहितीसह धरणाऱ्या प्रकारात, बांधता येतात. मग कोड न पाहता यादी वाचण्याचा मार्गच उरत नाही.

या मुद्द्यावर मूळपक्षाकडे फारसे उत्तर नाही, आणि प्रामाणिक सी प्रोग्रामर ते मान्यही करील. तरीही मूळपक्षाची बाजू वाटते तितकी उघडी नाही, कारण लिबअल्पम आंधळेपणाने लिहिलेली लायब्ररी नाही.

मूळपक्ष: पॅकेज मोकळे करणारे आमचे फंक्शन आधी त्या पॅकेजचा उगम पाहते. डिस्कवरील फायलीतून उघडलेले पॅकेज असेल तरच ते मोकळे होते. यंत्रावर बसवलेल्या पॅकेजांच्या नोंदींतून किंवा सर्व्हरवरून आलेल्या यादीतून मिळालेले पॅकेज कोणी चुकून त्याच्या हाती दिले, तर ते काहीही न करता परत येते. म्हणजे पहारा लायब्ररीतच आहे.

वेष्टनपक्ष: तो पहारा वस्तू जिवंत असेपर्यंतचा आहे. उगम कोणता हे पाहण्यासाठी त्या वस्तूतच डोकवावे लागते, आणि ती आधीच मोकळी झाली असेल तर डोकावणे हाच अपघात होतो. फायलीतून उघडलेल्या पॅकेजचा प्रवास पाहिला म्हणजे हे स्पष्ट होईल. ‘पीकेजी लोड’ या फंक्शनने पॅकेज उघडले की ते हाक मारणाऱ्याच्या मालकीचे असते आणि ‘पीकेजी फ्री’ने मोकळे करण्याची जबाबदारी त्याचीच असते. तेच पॅकेज ‘ॲड पीकेजी’ने ट्रान्झॅक्शनमध्ये घातले की मालकी बदलते, आता ते ‘ट्रान्स रिलीज’च्या वेळी, म्हणजे ट्रान्झॅक्शन आवरताना, लायब्ररी मोकळे करते. हाक मारणाऱ्याकडे जुना पॉइंटर मात्र तसाच राहतो, आणि त्याने सवयीप्रमाणे शेवटी ‘पीकेजी फ्री’ म्हटले तर एकच मेमरी दोनदा मोकळी होते.

मूळपक्ष: आणि ‘ॲड पीकेजी’ अयशस्वी झाले तर?

हा प्रश्न वरवर साधा असला तरी चांगले वेष्टन आणि घाईने लिहिलेले वेष्टन यांतला फरक येथेच दिसतो. रस्टमध्ये एखादी वस्तू फंक्शनला मालकीसह दिली की देणाऱ्याला ती पुन्हा वापरता येत नाही, आणि ज्याच्याकडे मालकी आहे त्याचा कार्यभाग संपताच ती आपोआप मोकळी होते. या नियमाने ‘ॲड पीकेजी’ला पॅकेज मालकीसह दिले आणि ट्रान्झॅक्शनने ते नाकारले, तर लिबअल्पमच्या लेखी मालकी हाक मारणाऱ्याकडेच राहिलेली असते, कारण लायब्ररीने ते स्वीकारलेले नाही. घाईच्या वेष्टनात यश असो वा अपयश, वस्तू विसरली जाते आणि गळती होते. किंवा याच्या उलट, दोन्ही वेळा मोकळी केली जाते आणि मग यशाच्या वाटेवर दुहेरी मुक्ती होते. बरोबर उत्तर एवढेच, की अपयशाच्या एररमध्ये पॅकेजही परत द्यावे, म्हणजे हाक मारणारा ते पुन्हा वापरील किंवा सोडून देईल. हे उत्तर हेडरमधील एका ओळीच्या टिपणातून सुचत नाही. त्यासाठी सी फंक्शनचा प्रत्येक परतीचा रस्ता वाचावा लागतो.

मूळपक्ष: मग कष्ट आपण केले, कंपायलरने नव्हे.

वेष्टनपक्ष: एकदा केले, आणि ते सगळ्यांच्या वतीने केले. ‘ट्रान्स कमिट’, म्हणजे ट्रान्झॅक्शन प्रत्यक्षात उतरवणारे फंक्शन, हे याहून बोलके उदाहरण आहे. एखाद्या साधनाने यंत्रावरच्या नोंदींतून एक पॅकेज शोधले, ते काढून टाकण्यासाठी ट्रान्झॅक्शनमध्ये घातले, कमिट केले आणि शेवटी ‘अमुक पॅकेज काढले’ असे छापण्यासाठी त्याच पॉइंटरकडून नाव मागितले, असे समजू. कमिटच्या ओघात ते पॅकेज नोंदींच्या कॅशमधून निघते आणि मोकळे होते, तेव्हा नाव मोकळ्या झालेल्या मेमरीतून वाचले जाते. बहुतेक वेळा ते बरोबरही छापले जाते, आणि म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षे दडून राहू शकते. वेष्टनात कमिटने हँडलवर, म्हणजे लायब्ररीची सगळी अवस्था धरून ठेवणाऱ्या मुख्य वस्तूवर, एकट्याचा हक्क मागितला की त्या हँडलमधून उसनी घेतलेली पॅकेजे कमिटच्या पलीकडे नेताच येत नाहीत. प्रोग्राम बांधला जात नाही आणि लिहिणाऱ्याला नावाची प्रत आधी काढून ठेवावी लागते.

मूळपक्ष: एकट्याचा हक्क मागण्याचा हा नियम आपण सगळीकडे लावला तर साधी साधनेही लिहिता येणार नाहीत, दोन पॅकेजे एकाच वेळी हातात धरून त्यांची तुलना करणे हे रोजचे काम आहे.

वेष्टनपक्ष: म्हणून तो जेथे काही मोकळे होते तेथेच लावायचा: कमिट करताना, एखादा डेटाबेस नोंदीतून काढताना, हँडल सोडताना. नुसत्या वाचनाला वाटून घेतलेला हक्क पुरतो.

येथे मूळपक्ष एक अडचण दाखवतो, आणि ती वेष्टनपक्षाला अपेक्षित नसते. लिबअल्पममध्ये नुसते वाचन असे फारसे नसते. यंत्रावर बसवलेल्या पॅकेजांच्या नोंदी वार-लिब-पॅकमॅन या मार्गावर छोट्या छोट्या फायलींत असतात आणि लायब्ररी त्या सगळ्या सुरुवातीलाच वाचत नाही. पॅकेजचे वर्णन किंवा त्यातील फायलींची यादी कोणी मागितली की मगच ती उघडते आणि मिळालेला मजकूर पॅकेजच्या रचनेत लिहून ठेवते. यशापयशाचा कोडही हँडलमध्ये लिहिला जातो. म्हणजे नाव वाचल्यासारखे दिसणारे काम मेमरीत लिहीतही असते. एका थ्रेडमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या एकाच कार्यधारेत, याने काही बिघडत नाही. पण दोन थ्रेडांनी एकच हँडल वाटून घेतले तर दोघेही वाचतो आहोत अशा समजुतीत एकाच जागी लिहू लागतात. वेष्टनाने हँडल थ्रेडांत वाटण्यास मनाई करणे आवश्यक ठरते, आणि रस्टचा कंपायलर कच्चे पॉइंटर असलेल्या रचनेला ती मनाई आपणहून करतो, जोवर वेष्टन लिहिणारा ‘अनसेफ’ लिहून ती उठवत नाही. अशी मनाई सोयीसाठी उठवण्याचा मोह मोठा असतो. पॅकेज मॅनेजरसारख्या प्रोग्रामात तो टाळलेलाच बरा.

कॉलबॅकांच्या बाबतीत वाद अधिक तापतो. कॉलबॅक म्हणजे लायब्ररीला दिलेले असे फंक्शन, जे ती स्वतःच्या कामाच्या मध्येच परत हाक मारते: लॉगची ओळ छापण्यासाठी, प्रगती दाखवण्यासाठी, किंवा ‘या दोन पॅकेजांचा मेळ बसत नाही, जुने काढावे काय?’ अशा प्रश्नाचे उत्तर घेण्यासाठी.

मूळपक्ष: रस्टमध्ये काही अशक्य घडले की प्रोग्राम पॅनिक करतो, म्हणजे फंक्शनांची साखळी उलगडत मागे जातो. सीची फंक्शने त्या उलगडण्यात सापडली तर काय होईल याची ग्वाही सी देत नाही. आपली सुरक्षित भाषा आमच्या कामाच्या मध्येच कोसळते, मग आमच्या लायब्ररीचे काय?

वेष्टनपक्ष: 2024 मधील रस्ट 1.81 पासून असे पॅनिक सीच्या सीमेवर पोहोचले की प्रोग्राम तेथेच थांबवला जातो. मेमरीच्या दृष्टीने ते सुरक्षित आहे.

मूळपक्ष: मेमरीच्या दृष्टीने! कमिट अर्ध्यावर असताना प्रोग्राम थांबला तर काही फायली नव्या, काही जुन्या, आणि डेटाबेसला कुलूप लावणारी डीबी-एलसीके ही फाइल जागच्या जागी, ही यंत्राची अवस्था आपण सुरक्षित म्हणणार काय?

वेष्टनपक्ष: म्हणून वेष्टनाने पॅनिक सीमेच्या अलीकडेच झेलले पाहिजे.

मूळपक्ष: आणि प्रश्नाचे उत्तर काय द्यायचे? जुने पॅकेज काढावे, की न काढावे?

याला वेष्टनपक्ष ‘नकार’ असे उत्तर देतो, आणि ते समंजस आहे. पण ते रस्टच्या नियमांतून निघत नाही. ते पॅकेज मॅनेजरच्या कामाचे ज्ञान असलेल्या माणसाने घेतलेला निर्णय आहे, आणि येथे मूळपक्षाचे पारडे जड होते असे म्हणावे लागते. याच बळावर तो आपला सर्वांत ठोस पुरावा पुढे आणतो. 2019 मध्ये पॅकमॅनच्या 5.1.3 आधीच्या आवृत्त्यांत एक दोष जाहीर झाला: इंटरनेटवरील पत्ता देऊन थेट पॅकेज बसवताना सर्व्हरने सुचवलेले फायलीचे नाव न तपासता वापरले जात असे, त्यात तिरप्या रेघा असल्या तरी चालत, आणि त्यामुळे दुष्ट सर्व्हर रूटच्या अधिकाराने कोणत्याही ठिकाणी फाइल ठेवू शके, तीही सहीची तपासणी चुकवून. त्याच वर्षी 5.2 आधीच्या आवृत्त्यांत बाहेरच्या डाउनलोड आज्ञेत आणि डेल्टा, म्हणजे पॅकेजांतील फक्त फरक उतरवण्याच्या, सोयीत परक्या आज्ञा घुसवता येतात असे आढळले, 5.2 मध्ये डेल्टाची सोयच काढून टाकली गेली.

मूळपक्ष: यांतील एकही दोष मेमरीचा नाही. रस्टमध्येही न तपासलेले नाव न तपासलेलेच राहते.

वेष्टनपक्ष: मान्य. 2016 मध्ये 5.0.1 या आवृत्तीत बनावट सहीच्या फायलीमुळे हद्दीबाहेर मेमरी वाचली जाण्याचा दोष सापडला होता. तो मेमरीचा होता, पण लायब्ररीच्या आत होता. बाहेरच्या वेष्टनाने तोही टळला नसता. वेष्टनाचा दावा सीमेपुरता आहे.

सीमेपुरता म्हटला तरी तो दावा कशावर टेकलेला आहे, हा प्रश्न उरतोच. रस्टच्या प्रोग्राममध्ये सी फंक्शनांच्या घोषणा लिहाव्या लागतात, आणि कंपायलर त्या घोषणांवर पूर्ण विश्वास ठेवतो. लिंकर, म्हणजे तयार तुकडे एकत्र जोडणारा प्रोग्राम, फक्त नावे जुळवून पाहतो. सातबारा उताऱ्यावर नाव असले म्हणजे जमीन त्याच्याच मालकीची असे कायद्याने अंतिमतः ठरत नाही, ती महसुली नोंद असते आणि खरी मालकी मागच्या कागदपत्रांत असते. रस्टमधील घोषणेचे स्थान तसेच आहे. नोंद चुकली तर तिच्यावर रचलेली सगळी शुद्ध तर्कमालिका चुकते.

लॉगच्या कॉलबॅकने हे नेमके दाखवून दिले. पूर्वी त्याला तीन गोष्टी मिळत: लॉगचा स्तर, मजकुराचा साचा आणि त्या साच्यात भरायच्या किमती. 2021 मधील पॅकमॅन 6.0 पासून त्यांच्या आधी एक संदर्भ-पॉइंटर आला, ज्यामुळे कॉलबॅकला स्वतःची माहिती जागतिक चलात न ठेवता बरोबर नेता येते. सुधारणा चांगलीच होती. वेष्टन लिहिणारे अशा पॉइंटरवाचून अडलेले असतात. पण हाताने लिहिलेल्या जुन्या घोषणा तशाच ठेवून प्रोग्राम नव्या लायब्ररीशी पुन्हा जोडला, तर नावे जुळतात, जोडणी विनातक्रार होते, आणि चालू प्रोग्राममध्ये स्तराच्या जागी संदर्भाचा पत्ता येतो, मजकुराच्या जागी स्तराचा लहानसा आकडा येतो. तो आकडा पत्ता समजून वाचायला गेले की प्रोग्राम कोसळतो. या साऱ्यात वापरणाऱ्याने ‘अनसेफ’ हा शब्द एकदाही लिहिलेला नसतो.

मूळपक्ष: म्हणूनच आम्ही लायब्ररीच्या फायलीचा क्रमांक बदलतो. 6.0 सोबत तो 13 होता, 2024 मधील 6.1 सोबत 14 झाला आणि त्याच वर्षीच्या 7.0 सोबत 15. जुन्या क्रमांकाशी जोडलेले साधन सुरूच होत नाही.

वेष्टनपक्ष: सुरू न होणे हे मेमरीत भलतेच वाचण्यापेक्षा केव्हाही बरे. हेडर वाचून घोषणा आपोआप लिहिणारे बाइंडजेन हे साधनही आहे. त्याने रचना आणि फंक्शनांचे प्रकार हेडरशी जुळलेले राहतात. यादी कोणी मोकळी करायची, हे मात्र त्यालाही ठाऊक नसते.

क्रमांक बदलला की आर्चच्या वापरकर्त्याची कोंडी होते, हे ओघाने नोंदवायला हवे: पॅकेजे पुन्हा बांधून देणारे साधनच सुरू होत नाही, आणि त्या साधनाला पुन्हा बांधण्याचे काम हाताने करावे लागते.

मूळपक्ष: एवढी यातायात करण्यापेक्षा सगळे रस्टमध्येच का लिहू नये? जर्मनीतील सॉव्हरिन टेक फंडाच्या अर्थसाहाय्याने आर्चमध्ये तसे काम सुरू झालेच आहे.

वेष्टनपक्ष: त्या कामाचा मोठा भाग पॅकेजे आणि नोंदी यांच्या फायलींचे नियम नेमकेपणाने लिहून काढण्याचा आहे, आणि तो स्वागतार्ह आहे. पण यंत्रावरच्या नोंदी बदलण्याचे काम पॅकमॅनकडे आहे तोवर त्याच लायब्ररीतून जाणे शहाणपणाचे. एकाच डेटाबेसचे दोन वेगवेगळे वाचक थोडेसे वेगळे वाचू लागले, तर ती चूक कोणत्याही कंपायलरला सापडणार नाही.

यानंतर वाद एका बारीक गोष्टीवर येऊन थांबतो, आणि तिथे दोन्ही पक्ष प्रथमच एकाच फंक्शनकडे पाहून बोलतात. ‘ट्रान्स रिलीज’ ट्रान्झॅक्शन आवरते आणि कुलपाची फाइल काढते. रस्टमध्ये ट्रान्झॅक्शनची वस्तू मोकळी होताना हे आपोआप करवता येते, ही वेष्टनपक्षाची सूचना आकर्षक आहे. मूळपक्ष दोन हरकती घेतो: हे फंक्शन अपयशही कळवते, आणि आपोआप चालणाऱ्या मोकळे-करण्याला ते अपयश कोणाला सांगता येत नाही, शिवाय रस्टमध्ये एखादी वस्तू जाणूनबुजून मोकळी न करणे सुरक्षितच मानले जाते, त्यामुळे कुलूप मागे राहिले तरी भाषेच्या लेखी काही चुकलेले नसते. वेष्टनपक्ष दुसरी हरकत नाकारू शकत नाही. मग तडजोड निघते: ‘ट्रान्स रिलीज’ला उघडपणे हाक मारावी आणि तिचे उत्तर तपासावे, तशी हाक मारलीच गेली नाही तरच आपोआप आवरण्याची व्यवस्था चालावी, आणि त्या वेळी आलेले अपयश निदान लॉगमध्ये उमटावे. मूळपक्ष त्यात एक भर घालतो: पॅकेज कोणाच्या मालकीचे आणि ती मालकी कधी बदलते, हे हेडरच्या टिपणांत प्रत्येक फंक्शनसाठी, अपयशाच्या वाटेसह, लिहिले जावे.